दोन अक्षरांच्या राशींचे अवयव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत मी आठवी ते दहावीच्या मुलांचं गणित घेते. अवयवांचा धडा सुरू झाला की रात्री दहानंतर फोनवर वह्यांचे फोटो यायला लागतात. अर्धे तिरके, अर्धे अंधारात काढलेले, आणि खाली "ताई, इथून पुढे काय?" एवढंच. प्रश्न दरवर्षी तेच असतात, फक्त मुलं बदलतात. म्हणून एकदाच लिहून ठेवले. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल असं आहे. जे दुसरीकडे आलंय तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. क्रमांक दिलेला असताना पुन्हा फोन करू नये, ही पुणेरी पाटी समजावी.

१. अवयव पाडायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

३० ला २ × ३ × ५ असं लिहिता, तेच राशीचं करायचं. बेरीज-वजाबाकीत पसरलेली राशी गुणाकाराच्या रूपात आणायची. (अ + ब)(अ + २ब) हे उलगडलं की अ² + ३अब + २ब² मिळतं, त्याला विस्तार म्हणतात. अवयव म्हणजे विस्ताराची उलट वाट. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात आधी विस्तार सूत्रे आणि लगेच पुढे बैजिक राशींचे अवयव आहेत, ते याचसाठी. ज्याचा विस्तार कच्चा, त्याला अवयव जड जातातच.

उत्तर पूर्ण झालं का, हे बघायची सोपी खूण आहे. राशीत अ आणि ब च्या किमती घालून हिशेब केला, तर अगदी शेवटी कोणती क्रिया करावी लागते? गुणाकार असेल तर अवयव पडले. अ(अ + ३ब) + २ब² मध्ये शेवटी बेरीज करावी लागते. कंस दिसतो म्हणून हे उत्तर होत नाही. दर बॅचमध्ये निदान चारजण इथे थांबतात आणि खाली दुहेरी रेघ मारून मोकळे होतात.

२. पुस्तकात एक्स-वाय आहेत. तुम्ही अ आणि ब का लिहिता?

कारण हे पान आजी-आजोबाही वाचतात. त्यांना "अ वर्ग अधिक दोन अब अधिक ब वर्ग" अजून झोपेतही पाठ असतं. एक्स-वायच्या जागी क्ष आणि य घेता आले असते, पण त्यांचा गुणाकार शेजारी शेजारी लिहिला की "क्षय" होतो आणि गणिताचं पान दवाखान्यातलं वाटायला लागतं.

अक्षर कुठलं याने काही फरक पडत नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीत बीजगणिताचा स्वतंत्र भाग आहे. त्यात पहिली अव्यक्त संख्या 'यावत्तावत्' आणि पुढच्या रंगांच्या नावाच्या: कालक, नीलक, पीतक. लिहिताना फक्त या, का, नी, पी. आपण अ, ब लिहितो, मुलांचं पुस्तक एक्स, वाय लिहितं, रीत तीच.

३. कुठलीही राशी समोर आली की पहिली पायरी कोणती?

सामाईक अवयव बाहेर काढणे, क्लासच्या भाषेत "कॉमन काढणे". सूत्र आठवायच्या आधी हे. सहगुणकांचा (अक्षरांपुढच्या अंकांचा) मसावि घ्या, आणि प्रत्येक अक्षराचा सगळ्या पदांत असलेला सर्वात लहान घात घ्या.

६अ²ब − ९अब² = ३अब(२अ − ३ब)

इथली नेहमीची चूक म्हणजे १ गिळणं. ४अ²ब − ८अब² + ४अब मधून ४अब बाहेर काढलं की कंसात अ − २ब + १ उरतं. तिसरं पद "पूर्ण निघून गेलं" म्हणून बरीच मुलं अ − २ब एवढंच ठेवतात. पदं मोजा: आत जायच्या आधी तीन होती, कंसात तीनच हवीत.

पहिलं पद ऋण असेल तर ऋण चिन्हही बाहेर काढा. −अ² + ५अब − ६ब² हे −(अ² − ५अब + ६ब²) केलं की पुढचं सगळं सरळ होतं. मात्र तो बाहेरचा ऋण शेवटच्या ओळीपर्यंत सांभाळायचा.

४. चार पदं असतील तर?

दोन-दोनचे गट करा.

२अ² − ६अ − अब + ३ब
= २अ(अ − ३) − ब(अ − ३)
= (अ − ३)(२अ − ब)

दुसऱ्या गटातून −ब बाहेर काढताना आतलं चिन्ह बदलतं. +३ब ला −ब ने भागलं की −३ येतं, +३ नाही. दोन्ही कंस हुबेहूब सारखे आले नाहीत, तर पहिला संशय या चिन्हावर घ्या.

पदं दिलेल्या क्रमानेच घ्यायला हवीत असं नाही. अ² + ३ब + ३अ + अब मध्ये पहिल्या दोघांत काही सामाईक नाही. अ² ला ३अ शेजारी बसवलं की (अ + ३)(अ + ब) सुटतं. आणि कधीकधी दोन-दोन जमतच नाही, तीन-एक करावे लागतात. अ² + २अब + ब² − ९ मध्ये पहिली तीन मिळून (अ + ब)², म्हणून (अ + ब)² − ३². पुढचं प्रश्न ७ प्रमाणे: (अ + ब + ३)(अ + ब − ३).

५. मला अ² + ७अ + १२ येतं, पण अ² + ७अब + १२ब² आलं की अडतं. दोन अक्षरांचं काय करायचं?

या पानावरचा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर एका वाक्यात: एका अक्षराला थोडा वेळ गप्प बसवा.

ब नाहीच असं समजा. अ² + ७अ + १२ = (अ + ३)(अ + ४). आता ब ला परत बोलवा आणि अंकांच्या शेजारी बसवा: (अ + ३ब)(अ + ४ब). झालं.

हे चालतं का, याचं कारण माहीत असायला हवं, नाहीतर भलत्या ठिकाणी चालवाल. अ², अब, ब² या तिन्ही पदांत अक्षरांच्या घातांची बेरीज २ आहे. अशा राशीला समघाती म्हणतात. सगळ्या राशीला ब² ने भागलं की अ/ब हे एकच अक्षर उरतं: (अ/ब)² + ७(अ/ब) + १२. म्हणजे दिसायला दोन अक्षरं असली तरी खरं कोडं एकाच अक्षराचं आहे.

आता या चार राशी एकाखाली एक लिहून बघा. मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते आणि पाच मिनिटं काहीच बोलत नाही.

अ² + ७अब + १२ब² = (अ + ३ब)(अ + ४ब)
अ²ब² + ७अब + १२ = (अब + ३)(अब + ४)
अ² + ७अब² + १२ब⁴ = (अ + ३ब²)(अ + ४ब²)
अ² + ७अब + १२ : अवयव पडत नाहीत

दुसरीत अब ही जोडगोळीच एक अक्षर म्हणून वागते. तिसरीत ब² वागतं. चौथीत मधल्या पदात ब आहे, शेवटच्यात नाही, त्यामुळे ब ला गप्प बसवून परत कुठे बसवायचं हेच ठरत नाही. (अ + ३ब)(अ + ४) लिहून उलगडा, ४अ आणि १२ब अशी आगंतुक पदं येतील.

६. मधल्या पदाची फोड करताना जोडी सापडायला फार वेळ लागतो. काही युक्ती?

६अ² − ७अब − २०ब² घ्या. ६ × (−२०) = −१२०. गुणाकार −१२० आणि बेरीज −७ अशी जोडी हवी.

मुलं १ × १२०, २ × ६०, ३ × ४० असं वरून सुरू करतात. त्याआधी चिन्ह बघा. गुणाकार ऋण म्हणजे जोडीतल्या दोघांची चिन्हं वेगळी, म्हणजे फरक ७ हवा. फरक लहान असेल तर दोन्ही संख्या एकमेकींच्या जवळ असणार, म्हणून वर्गमुळाच्या आसपास सुरू करा. १२० चं वर्गमूळ ११ च्या जरासं खाली. १० × १२, फरक २. पुढची जोडी ८ × १५, फरक ७. सापडली. मोठ्या संख्येला मधल्या पदाचं चिन्ह: −१५ आणि +८.

६अ² − १५अब + ८अब − २०ब²
= ३अ(२अ − ५ब) + ४ब(२अ − ५ब)
= (२अ − ५ब)(३अ + ४ब)

फरक मोठा हवा असेल तरच १ पासून वर जा. शेवटचं पद धन असेल तर दोन्ही चिन्हं सारखी, आणि मग फरकाऐवजी बेरीज बघायची.

+८अब आधी लिहिलं की −१५अब, यावरून बहीण-भाऊ भांडल्याचा फोन मला आलेला आहे. काही फरक पडत नाही. उलट क्रमाने २अ(३अ + ४ब) − ५ब(३अ + ४ब) येतं, उत्तर तेच.

७. अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे पाठ आहे, पण का हे समजत नाही.

चौकटीच्या वहीचं एक पान फाडा. दहा चौकटी लांब, दहा रुंद असा चौरस कापा. त्याच्या एका कोपऱ्यातून चार बाय चारचा चौरस कापून फेका. उरलेला तुकडा काटकोनात वाकलेल्या पट्टीसारखा दिसेल; त्यात १०० − १६ = ८४ चौकटी आहेत. आता वाकण्याच्या ठिकाणी एक सरळ काप द्या: एक तुकडा १० बाय ६, दुसरा ४ बाय ६. दुसरा वळवून पहिल्याच्या सहाच्या बाजूला चिकटवा. १४ बाय ६ ची एक लांब पट्टी तयार होते. १४ म्हणजे १० + ४, सहा म्हणजे १० − ४. दहाच्या जागी अ, चारच्या जागी ब. एकदा कात्रीने केलं की आयुष्यात विसरत नाही. माझ्याकडे खिडकीच्या काचेवर असे तुकडे अजून चिकटलेले आहेत.

परीक्षेत मात्र हे सूत्र वेष पालटून येतं. १२अ³ − ७५अब² मध्ये वर्ग दिसतच नाहीत. आधी प्रश्न ३: ३अ(४अ² − २५ब²). आता दिसले: ३अ(२अ + ५ब)(२अ − ५ब). आणि अ⁴ − १६ब⁴ मध्ये सूत्र दोनदा लागतं: (अ² + ४ब²)(अ² − ४ब²), मग (अ² + ४ब²)(अ + २ब)(अ − २ब). एकदा लावून थांबू नका.

८. मग अ² + ब² चे अवयव का पडत नाहीत?

समजा पडले, आणि त्यातला एक ३अ − ५ब आहे. अ = ५, ब = ३ ठेवा. हा अवयव शून्य झाला, म्हणजे सगळा गुणाकार शून्य व्हायला हवा. पण ५² + ३² = ३४. कुठलाही एक घाताचा अवयव घ्या, त्याला शून्य करणारी अ-ब ची जोडी सापडतेच, आणि दोन्ही शून्य नसतील तर वर्गांची बेरीज शून्य होत नाही. म्हणून पडत नाहीत. अकरावीत काल्पनिक संख्या आल्या की पडतील, तोवर नाही.

"(अ + ब)(अ + ब)" असं लिहून येणाऱ्यांसाठी: मधले २अब कुठे गेले?

चौथ्या घाताच्या बेरजेचं प्रकरण वेगळं आहे, प्रश्न १३ पाहा.

९. पहिलं आणि शेवटचं पद वर्ग असलं की उत्तर कंसाचा वर्ग, बरोबर ना?

नाही, मधलं पद तपासा. ९अ² − २४अब + १६ब² मध्ये २ × ३ × ४ = २४, जुळलं, म्हणून (३अ − ४ब)². ४अ² + १०अब + २५ब² मध्ये २० हवे होते, १० आहेत. ही राशी फुटतच नाही. आणि ४अ² + २९अब + २५ब²? पूर्ण वर्ग नाही, तरी फुटते: (४अ + २५ब)(अ + ब). टोकांचे वर्ग पाहून फसवायला हीच राशी मी चाचणीत घालते, आणि दरवर्षी फसतात.

१०. घनांच्या सूत्रात चिन्हं कुठली, आणि मधे २ का नाही?

अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²)
अ³ − ब³ = (अ − ब)(अ² + अब + ब²)

पहिल्या कंसात प्रश्नातलंच चिन्ह, दुसऱ्याच्या मध्यावर त्याच्या उलट, शेवटी नेहमी धन. मधे २ असता तर तो कंस पूर्ण वर्ग झाला असता, आणि (अ + ब)(अ − ब)² उलगडून बघा, घन सोडून भलतंच येतं.

८अ³ − २७ब³ = (२अ − ३ब)(४अ² + ६अब + ९ब²). सहाच्या जागी बारा लिहिणं ही या धड्यातली सर्वात लोकप्रिय चूक. दुसऱ्या कंसाचे पुढे अवयव शोधत बसू नका, पडत नाहीत.

अ⁶ − ब⁶ हा वर्गांचाही फरक आहे आणि घनांचाही. वर्ग आधी घ्या: (अ³ + ब³)(अ³ − ब³), मग चारही अवयव आपोआप:

(अ + ब)(अ² − अब + ब²)(अ − ब)(अ² + अब + ब²)

घन आधी घेतले तर (अ² − ब²)(अ⁴ + अ²ब² + ब⁴) येतं आणि दुसऱ्या कंसासाठी प्रश्न १३ ची वाट धरावी लागते.

११. माझं उत्तर मागच्या उत्तरांशी जुळत नाही. चूकच आहे का?

नसेलही. (अ − ३ब)(२अ − ब) आणि (३ब − अ)(ब − २अ) एकच आहेत; दोन्ही कंसांची चिन्हं बदलली की ऋण × ऋण = धन. एकाच कंसाचं चिन्ह बदललं असेल तर मात्र चूक. माझ्या भाच्याचा असाच एक बरोबर सोडवलेला पेपर "उत्तर जुळत नाही" म्हणून लाल रेघ मारून आला होता. त्याने घरी येऊन उलगडून दाखवलं, गुण काही परत आले नाहीत. म्हणून व्यवहाराचा सल्ला: पहिलं अक्षर धन ठेवून लिहा, तपासणाऱ्याला विचार करायला लावू नका.

(२अ + ४ब)(अ − ब) हे चूक नाही, पण अपुरं आहे. २ अजून आतच आहे: २(अ + २ब)(अ − ब).

१२. उलगडून न बघता पडताळा घेता येतो का?

येतो. दोन्हीकडे किमती घाला. फक्त अ = १, ब = १ घालू नका, ती फसवी जोडी आहे. प्रश्न ६ मधल्या ६अ² − ७अब − २०ब² चं कुणी चुकून (२अ − ५ब)(४अ + ३ब) लिहिलं. १ आणि १ घातलं तर राशी −२१, आणि हे चुकीचं उत्तरही (−३) × ७ = −२१. पास!

अ = १०, ब = १ घाला. राशी ६०० − ७० − २० = ५१०. बरोबर उत्तर १५ × ३४ = ५१०. चुकीचं १५ × ४३ = ६४५. पकडलं. दहाचा गुणाकार तोंडी होतो, म्हणून पेपरमध्येही अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एका जोडीला जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, पण नेहमीच्या चुका सुटत नाहीत.

१३. अ⁴ + ४ब⁴ चे अवयव पडतात म्हणे. वर्गांच्या बेरजेचे पडत नाहीत ना?

प्रश्न ८ मधलं सगळं खरं, आणि हेही खरं. इथे एक घाताचे अवयव पडत नाहीत, दोन घाताचे पडतात. युक्ती अशी: पूर्ण वर्ग व्हायला जे कमी पडतंय ते मिळवा आणि लगेच वजा करा.

अ⁴ + ४ब⁴
= अ⁴ + ४अ²ब² + ४ब⁴ − ४अ²ब²
= (अ² + २ब²)² − (२अब)²
= (अ² + २अब + २ब²)(अ² − २अब + २ब²)

सोफी जर्मेन या फ्रेंच गणितीच्या नावाने ही नित्यसमानता ओळखली जाते. तिची गंमत आकड्यांत बघा. अ = १०, ब = १ घातलं की १०००४ = १२२ × ८२. एरवी १०००४ कडे बघून ८२ सुचलं असतं का?

अ⁴ + अ²ब² + ब⁴ ला हीच युक्ती: अ²ब² मिळवा, वजा करा, (अ² + ब²)² − (अब)², म्हणून (अ² + अब + ब²)(अ² − अब + ब²).

मग नुसतं अ⁴ + ब⁴? २अ²ब² मिळवले-वजा केले तर वजा होणाऱ्या पदाचं वर्गमूळ √२अब येतं. √२ चालत असेल तर पडतात, नसेल तर नाही. 'चालत असेल तर' हा काय प्रकार, ते पुढे.

१४. अवयव पडतात की नाही, हे आधीच कळेल का? तासभर शोधून मग "पडत नाहीत" कळतं.

अ², अब, ब² अशी तीन पदं असतील तर कळतं. मधल्या सहगुणकाचा वर्ग घ्या, त्यातून पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकाच्या गुणाकाराची चौपट वजा करा. दहावीत वर्गसमीकरणांच्या धड्यात याला विवेचक म्हणतात; आठवीत वापरायला कुणी हरकत घेणार नाही. उत्तर पूर्ण वर्ग आलं तर पूर्णांकांत अवयव पडतात.

६अ² − ७अब − २०ब² : ४९ + ४८० = ५२९ = २३². पडतात.
२अ² + ३अब − ४ब² : ९ + ३२ = ४१. पूर्णांकांत पडत नाहीत.

विवेचक धन आहे पण पूर्ण वर्ग नाही, तर वर्गमूळ वापरून पडतात: अ² − ३ब² = (अ + √३ब)(अ − √३ब). ऋण असेल तर वास्तव संख्यांत काहीच करता येत नाही. आठवीत सहसा पूर्णांक सहगुणक अभिप्रेत असतात. "अवयव पडत नाहीत" हेही पूर्ण उत्तर आहे, पण विवेचक लिहून दाखवा. नुसतं वाक्य लिहिलं तर आळस वाटतो.

१५. सहा पदं आहेत: २अ² + ७अब + ३ब² + ५अ + ५ब + २. कुठून धरू?

ही राशी समघाती नाही, म्हणून प्रश्न ५ ची युक्ती सरळ चालत नाही. पण एकेका अक्षराला आळीपाळीने बाहेर पाठवता येतं.

ब = ० : २अ² + ५अ + २ = (२अ + १)(अ + २)
अ = ० : ३ब² + ५ब + २ = (ब + १)(३ब + २)

आता अंक जुळवून जोड्या लावा. १ वाला १ वाल्याशी, २ वाला २ वाल्याशी: २अ + ब + १ आणि अ + ३ब + २. म्हणून उत्तर

(२अ + ब + १)(अ + ३ब + २)

अजून तपासायचं उरलं ते ७अब: २ × ३ + १ × १ = ७, जुळलं. ही तपासणी सोडू नका. मधे ७ ऐवजी ८ असते तरी वरच्या दोन ओळी जशाच्या तशा आल्या असत्या आणि उत्तर चुकलं असतं. तेव्हा अवयव पडतच नाहीत.

वैदिक गणिताच्या वर्गांत ही पद्धत 'लोपनस्थापन' नावाने शिकवतात. नाव काहीही द्या, अक्षर शून्य ठेवणं हे साधं बीजगणित आहे.

१६. काटाकाटी करताना उत्तर चुकतं. का?

कारण पदं कापता, अवयव कापायचे असतात. (अ² + अब) / (अ² − ब²) मध्ये वरचा-खालचा अ² खोडणं म्हणजे बेरजेतला तुकडा तोडणं. आधी दोन्हीकडे अवयव: अ(अ + ब) / (अ + ब)(अ − ब). आता (अ + ब) कापा, उरतं अ / (अ − ब). अट: अ + ब आणि अ − ब दोन्ही शून्य नकोत.

१७. २अ² − ८ब² मधले २ कापून टाकले तर?

कुठल्या हक्काने? समोर '= ०' असतं तर दोन्ही बाजूंना २ ने भागता आलं असतं. नुसत्या राशीला दुसरी बाजूच नाही. २(अ + २ब)(अ − २ब), दोन जागच्या जागी.

१८. पण याचा उपयोग काय? (हा बहुधा वडिलांकडून येतो.)

भास्कराचार्यांनाच पुन्हा बोलवते. दोन अव्यक्तांच्या गुणाकाराला त्यांनी 'भावित' म्हटलं आणि त्यासाठी वेगळं प्रकरण लिहिलं. त्यातलं एक उदाहरण आजच्या अक्षरांत असं: एका संख्येची चौपट, दुसरीची तिप्पट आणि वर दोन, यांची बेरीज त्या दोन संख्यांच्या गुणाकाराएवढी आहे. संख्या कोणत्या?

अब = ४अ + ३ब + २

एक समीकरण, दोन अव्यक्त, म्हणजे वरवर पाहता उत्तरं अगणित. सगळं एका बाजूला आणा: अब − ४अ − ३ब = २. डावीकडे गट पाडायला एक पद कमी पडतंय, प्रश्न ४ मधलं चौथं पद. दोन्ही बाजूंना १२ मिळवा:

(अ − ३)(ब − ४) = १४

आता १४ चे तुकडे फक्त १ × १४ आणि २ × ७, दोन्ही क्रमांनी. म्हणून धन पूर्णांकांत जोड्या चारच: (४, १८), (५, ११), (१०, ६), (१७, ५). पाच-अकरा तपासा: २० + ३३ + २ = ५५. अगणित शक्यता चारवर आल्या, ते केवळ अवयव पाडल्यामुळे.

१९. फोनवर फोटो काढला की अ‍ॅप पायऱ्यांसकट उत्तर देतं. मग सराव कशाला?

उत्तर तपासायला अ‍ॅप जरूर वापरा, मीही वापरते. पण जोडी शोधायची नजर दुसऱ्याने सोडवलेलं बघून येत नाही. सरावासाठी बालभारतीचा सरावसंच संपवा. नंतर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून अ-ब वालं एखादं जुनं बीजगणित मिळालं तर उचला. त्यातली उदाहरणं आताच्यापेक्षा कडक असतात.

२०. स्पर्धा परीक्षेत अ³ + ब³ + ३अब − १ आलं होतं. कुठलंच सूत्र लागेना.

तिसरं अक्षर लपलेलं आहे. तीन अक्षरांचं सूत्र असं:

अ³ + ब³ + क³ − ३अबक = (अ + ब + क)(अ² + ब² + क² − अब − बक − कअ)

यात क = −१ ठेवा. क³ म्हणजे −१, आणि −३अबक म्हणजे +३अब. तुमची राशी तयार झाली:

(अ + ब − १)(अ² + ब² + १ − अब + अ + ब)

यावरूनच दुसरा नेहमीचा प्रश्न सुटतो: अ + ब = १ असेल तर अ³ + ब³ + ३अब किती? पहिला कंस शून्य, म्हणून उत्तर १, अ आणि ब काहीही असोत. ३ आणि −२ घालून बघा: २७ − ८ − १८.